पाच वॅटची जप्ती

मधुकर: तुझा ॲम्प्लिफायर जप्त झाला, शौनक. सात विरुद्ध शून्य.

शौनक: कधी?

मधुकर: रविवारी. कमिटीच्या सभेत.

शौनक: काका, आज गुरुवार आहे.

मधुकर: म्हणूनच म्हणतो, ते विसर. मी काही बोललो नाही, तू काही ऐकलं नाहीस. आत्ता मी सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने चौकशीला आलोय. मन एकदम मोकळं आहे. बसू का?

शौनक: बसा. त्या स्टुलावर नको, तिथे सोल्डरिंग आयर्न गरम आहे.

मधुकर: याची नोंद घेतो.

शौनक: पण रविवारची सभा आजच कशी झाली?

मधुकर: झालेली नाही. रविवारी मॅच आहे, सभेला बसणार कोण? म्हणून सह्या आधी फिरवून घेतल्या. मंत्रालयात उभा जन्म काढला मी. चौकशी आधी केली की माणसं उगाच आशेवर राहतात. आधी निर्णय झाला की चौकशी कशी निवांत होते.

शौनक: तक्रार कोणाची आहे?

मधुकर: ते गोपनीय असतं.

शौनक: बरं.

मधुकर: बरोबर तुझ्या खालच्या घरातले, भाजीबाजारात रात्री माल उतरवायला जाणारे, मिशीवाले सभासद आहेत. याहून जास्त मी सांगू शकत नाही.

शौनक: हौसेराव.

मधुकर: मी मान हलवलेली नाही. त्यांना वर बोलावलंय. तोवर आपण पाहणी उरकू. सदर उपकरण कुठे आहे?

शौनक: तुमच्या पायाशी.

मधुकर: ही तर आंब्याची पेटी.

शौनक: पेटी आंब्याची, आतलं माझं. गिटारची वायर इथून आत जाते, आवाज तिथून बाहेर येतो.

मधुकर: यावर 'हापूस' छापलंय.

शौनक: ॲम्पला काहीतरी नाव लागतं, काका.

मधुकर: आणि आत दिवे कसले लावलेत? देव बसवलाय का?

शौनक: व्हॉल्व्ह आहेत. जुन्या रेडिओत असायचे ना, काचेचे, तापले की लाल व्हायचे. तेच. लॅमिंग्टन रोडला भंगारात मिळाले. सगळं हातानं जोडलंय, एकेक वायर एकेका पायाला डाख देऊन. छापील सर्किट एक पण नाही.

मधुकर: छापील मिळतं ना बाजारात?

शौनक: मिळतं.

मधुकर: मग हातानं का?

शौनक: छापील मिळतं म्हणून.

मधुकर: हे मी लिहीत नाही, तुझ्याच विरोधात जाईल. क्षमता किती?

शौनक: पाच वॅट.

मधुकर: पाच हजार.

शौनक: पाच.

मधुकर: शौनक, आपल्या गणपतीला दोन हजार वॅट लावतो आपण. दहा दिवस. कोणी तक्रार केली?

शौनक: मी केली होती.

मधुकर: ती फेटाळली, म्हणजे नव्हतीच. पाच वॅट म्हणजे किती ते मला नीट समजू दे. जिन्यात आपण झिरोचा बल्ब लावतो.

शौनक: झिरोचा बल्ब पंधरा वॅटचा असतो.

मधुकर: म्हणजे झिरो म्हणजे पंधरा. आणि तुझे पाच.

शौनक: हो.

मधुकर: म्हणजे तू झिरोच्या खाली दहा आहेस. हे उपकरण सोसायटीला वीज परत देतं का?

शौनक: नाही काका. भिंतीतून घेतं चाळीसेक, आवाज काढतं पाच.

मधुकर: मधले पस्तीस?

शौनक: तापण्यात जातात. सभेसारखं.

मधुकर: अरे, मग एवढ्याशा आवाजाचं यंत्र बनवायचंच कशाला? बनवायचं तर दणदणीत बनव, म्हणजे जप्त करणाऱ्यालाही काहीतरी केल्यासारखं वाटतं.

शौनक: मोठ्या ॲम्पचा आवाज फाटायला त्याला फुल्ल लावावं लागतं. हा बिचारा हळू लावला तरी फाटतो.

मधुकर: फाटलेला आवाज तुला मुद्दाम हवाय?

शौनक: हो. गोड फाटतो.

मधुकर: हे लिहितो. 'आरोपी गुन्हा गोड मानतो.' बरं, लाव बघू आता.

शौनक: चालूच आहे.

मधुकर: मला काहीच ऐकू येत नाही.

शौनक: थँक्यू, काका.

मधुकर: आभार कसले मानतोस?

शौनक: हे 'काहीच नाही' बनवायला मला अख्खा पावसाळा लागला. आधी नुसता चालू केला तरी घूं करायचा. चेंबूरच्या स्टुडिओत घेऊन गेलो होतो. त्यांनी ऐकलं, म्हणाले, वाजतंय मस्त, पण मागे कोणीतरी दळण दळतंय. दळण बंद झालं की ये, काम देतो.

मधुकर: मग?

शौनक: मग बंद केलं. व्हॉल्व्ह तापवायच्या दोन वायरी सुट्या पळत होत्या, त्यांची घट्ट वेणी घातली. ट्रान्सफॉर्मर आडवा बसवला. शेवटी मागे ही खुंटी लावली. ही अशा एका जागी ठेवायची की दोन्ही बाजूंची घूं एकमेकांना खाते आणि मधे शांतता उरते. ती जागा केसाएवढी आहे. गेल्या आठवड्यात सापडली. परवा शनिवारी रेकॉर्डिंग आहे, काका. माझं पहिलं. तिथे घूं आली तर ते दुसऱ्या कोणालातरी बोलावणार.

मधुकर: शनिवारी तू जाऊ शकतोस. जप्ती रविवारी आहे.

शौनक: मी काही ऐकलेलं नाही.

मधुकर: शाब्बास. पण मग मला एक सांग. पेटी गेल्या आठवड्यापासून गप्प आहे?

शौनक: ठार गप्प. वाजवतो तोही दुपारी चारनंतर, दार लावून, अर्ध्यावर.

मधुकर: आणि तक्रार आली सोमवारी.

हौसेराव: आत येऊ का?

मधुकर: या हौसेराव. हे गोपनीय तक्रारदार, हा शौनक. ओळख असेलच.

हौसेराव: वळख कशाची, जिन्यात दिसतंय पोरगं. केस वाढवल्यात, पर मानूस बरा वाटतो.

शौनक: बसा ना काका. चहा टाकू? आई बँकेतून यायची आहे, पण मला जमतो.

हौसेराव: च्या नगं. च्या घेतला तर आनिक झोप जाईल. तशी ती हायच कुठं?

मधुकर: मुद्द्यावर आलात. सदर उपकरणाच्या ध्वनिप्रदूषणामुळे आपली झोप मोडते, अशी आपली लेखी तक्रार आहे.

हौसेराव: माजी?

मधुकर: खाली आपली सही आहे.

हौसेराव: सई माजी हाय. वरचं तुमचं हाय. म्या येवढंच म्हनलो, वरच्या पोराच्या पेटीचं कायतरी करा, मला झोप न्हाई.

मधुकर: तेच मी प्रशासकीय भाषेत घातलं. तक्रारीचा आपल्याकडे एकच मसुदा आहे. पाणीगळती खोडलं आणि ध्वनिप्रदूषण लिहिलं.

हौसेराव: आवं, पर ती पेटी वाजती म्हनून झोप न्हाई आसं कवा म्हनलो म्या? ती वाजायची थांबली.

शौनक: काय?

हौसेराव: ते गानं न्हवं. गानं तुजं मला कळत न्हाई, खोटं कशाला बोलू. त्या गान्याच्या आदी जे यायचं, घूंऽऽ करून, बारीक. दुपारचं यायचं बग, तू कालेजातनं आलास की.

शौनक: मी चालू करून तापत ठेवायचो. आणि जेवायला बसायचो.

हौसेराव: तू जेवायचास, म्या झोपायचो. तुजं जेवान लांबलं की मला बरं वाटायचं.

मधुकर: हौसेराव, आपण आपल्याच तक्रारीच्या विरोधात बोलताय.

हौसेराव: मला बोलू द्या की, सायेब. ह्ये बग पोरा. बाजार मुंबईत व्हता तवा आमी भायखळ्याला ऱ्हायचो. खाली पिठाची गिरनी, वर आमची खोली. रातभर माल उतरायचा, सकाळी भाकरी खायाची आन् गिरनीवर आडवं व्हायाचं. लोकाचं दळान चालायचं आन् माजी झोप. खाट आशी बारीक थरथरायची. मग बाजार हिकडं आला, त्याच्या मागनं आमी आलो. घर झ्याक हाय, नळाला पानी हाय. पर दुपारचं नेरूळ येवढं गप्प आसतं, येवढं गप्प, की शेजारच्या बिल्डिंगीत कुनी डाळ निवडली तरी मला जाग येती.

शौनक: मग इतके दिवस कसे काढलेत?

हौसेराव: मंडळींनी मिक्सर लावून दिला. तो जळाला. शिवनाची मशीन लावून बसली, तर तिलाच झोप यायाची. तुर्भ्याला शीतगृहाच्या भिंतीला पाठ लावून झोपायचो, वॉचमननं हाकललं. म्हनला, हितं बटाटं झोपत्यात, मानसं न्हाईत. मग उन्हाळ्यात तुजी पेटी सुरू झाली. पयल्या दिवशी मला वाटलं, भायखळ्याची गिरनीच आली का काय हुडकत हुडकत. आसा झोपलो की संध्याकाळी मंडळींनी नाकाला हात लावून बघितला.

मधुकर: हे सगळं मला सोमवारी सांगायला हवं होतं.

हौसेराव: सांगत व्हतो. तुमी म्हनलात, थोडक्यात सांगा.

शौनक: काका, मला येऊन सांगायचं ना. एकच जिना.

हौसेराव: ह्यांनीच सांगितलं, सभासदानं सभासदाशी परस्पर बोलायचं न्हाई, कमिटीच्या थ्रू यायचं. म्हनलं, नव्या गावाची रीत आसंल.

मधुकर: रीत बरोबर आहे. आता प्रश्न असा, की झोप नाही यात तातडी काय? मलाही दुपारी लागत नाही. मी पेपर वाचतो.

हौसेराव: तुमच्या डोक्यावर पेपर आसतो, माज्या डोक्यावर कोबीची गोन. परवा ट्रकच्या फळीवरनं पाय सरकला. गोन खाली, म्या वर, म्हनून वाचलो. मुकादम म्हनला, हौसेराव, डोळं मिटत्यात तुमचं. आनिक यकदा झालं तर झाडूवर घालीन. तीस वर्सं वजं उचललंय म्या, सायेब. झाडू हातात घिऊन टोळीसमोर कसा उभा ऱ्हाऊ?

मधुकर: हं.

शौनक: मग जप्ती रद्द ना, काका?

मधुकर: रद्द कशी होईल? सह्या झाल्यात.

शौनक: सभा व्हायचीये अजून.

मधुकर: सभा व्हायची राहिली आहे, निर्णय राहिलेला नाही. झालेला ठराव फिरवायला सर्वसाधारण सभा लागते. तिला कोरम लागतो. आपल्या इमारतीत सत्यनारायणाच्या प्रसादाला कोरम होत नाही.

हौसेराव: म्हंजी माज्या सईनं पोराची पेटी जानार?

मधुकर: जप्त होणार. जाणार असं कुठे लिहिलंय? थांबा, वाचतो. 'सदर उपकरण जप्त करून', पुढे रिकामी जागा, 'येथे ठेवण्यात यावे.' जागा मी सोडून ठेवली होती. मीटर खोलीत घुशी आहेत म्हणून ठरत नव्हतं.

शौनक: मग?

मधुकर: जप्त माल तक्रारदाराच्या ताब्यात देता येतो. हौसेरावांच्या खाटेखाली. ठरावाचं एक अक्षर न बदलता.

हौसेराव: माज्या खाटंखाली?

मधुकर: चालू स्थितीत.

शौनक: आणि मी वाजवायचं कसं?

मधुकर: गिटार जप्त नाही. गिटार वर, पेटी खाली. खिडकीतून लांब वायर सोड.

शौनक: लांब वायरीत वरचे सूर मरतात, काका.

मधुकर: त्याची वेगळी तक्रार दे. पाणीगळती खोडून 'सूरगळती' करून देतो.

हौसेराव: वायर कशाला? खाली ये की. म्या संध्याकाळी जागा आसतो. मंडळी भाकरी घालतील, तू वाजीव तुजं फाटकं. पर पोरा, आता ती पेटी गप हाय. खाटंखाली गप पेटी ठिवून मला काय करायचं? ते दळान परत येईल का?

शौनक: येईल.

हौसेराव: आवगड हाय?

शौनक: नाही. ही खुंटी जराशी फिरवली की आली घूं. सोपं आहे.

हौसेराव: मग तुजं तोंड आसं का?

मधुकर: त्याचं शनिवारी रेकॉर्डिंग आहे, हौसेराव. तिथे घूं चालत नाही. मोठ्या मुश्किलीने त्याने पेटी गप्प केली आहे. ती जागा म्हणे केसाएवढी असते.

हौसेराव: खून करून ठिव की पेन्सिलीनं.

शौनक: केली होती. तापलं की सरकते. परत सापडेलच असं नाही. सापडायला आठ दिवस पण लागतील, नाहीतर आज रात्रीच सापडेल.

हौसेराव: मग ऱ्हाऊ दे. शनवार हू दे तुजा. म्या काढतो दोन रात्री. फळीवरनं जरा दमानं जाईन.

शौनक: आज माल किती आहे?

हौसेराव: आज कोबी न्हाई. आज कांदा-लसनाची गाडी बी आमच्याकडंच लावनार हाईत. जड आसतो कांदा. पर जाईन की दमानं.

शौनक: तुम्ही बसा तसेच. मागे टेका. पाय वर घ्या, चालेल.

मधुकर: शौनक, तू काय करतोयस? चौकशी अजून संपलेली नाही.

शौनक: स्क्रू ड्रायव्हर द्या, काका. तुमच्या हाताशी आहे. लाल दांड्याचा.

(शौनक खुंटी फिरवतो. पेटीतून बारीक, सलग घूं सुरू होते.)

हौसेराव: हां.

शौनक: एवढी, का अजून?

हौसेराव: जरा जाड कर. ही बाजरीची झाली. गव्हाची पायजे.

शौनक: आता?

हौसेराव: आता बेस. आता गहू हाय.

मधुकर: यात मला धान्य काही कळत नाही. पण माझी पावलं झिणझिणताहेत.

हौसेराव: तेच ते. पोरा, ह्या खुंटीला काय म्हनत्यात?

शौनक: नाव नाही तिला. एकीवर 'आवाज' लिहिलंय, दुसरीवर 'टोन'. हिच्यावर 'हौसेराव' लिहितो.

हौसेराव: नगं रं. लोकं पिरगाळतील.

शौनक: मीच पिरगाळणार फक्त.

हौसेराव: आन् शनवारी ती पेटी म्या न्हेतो चेंबूरला. डोक्यावर. हातात धरली तर हालंल, डोक्यावर हालत न्हाई. तुजी ती केसाची जागा सापडली तर सांडू देनार न्हाई. वजान किती हाय?

शौनक: दहा-अकरा किलो.

हौसेराव: ह्याला वजान म्हनत न्हाईत. ह्याला टोपी म्हनत्यात.

मधुकर: शनिवारी दुपारी तुम्हालाही झोपायचं असेल ना?

हौसेराव: यक दिस जागीन. पोराचं काम हाय. पर सायेब.

मधुकर: बोला.

हौसेराव: शुक्कीरवारची दुपारी लाईट जाती. दर शुक्कीरवारी. लाईट गेली की ही बी गप. उद्या शुक्कीरवार हाय.

मधुकर: ते माझ्यावर सोडा. सोसायटी कशासाठी आहे?

हौसेराव: तसं न्हवं, म्या म्हनतो, शुक्कीरवारचं कायतरी, जरा वाईच कुनाला सांगून, म्हंजी मग

शौनक: काका?

मधुकर: हौसेराव?

शौनक: झोपले.

मधुकर: वाक्यात?

शौनक: वाक्यात.

मधुकर: चौकशीत असं कोणी झोपलं की आम्ही 'तक्रारदार समाधानी' लिहायचो. पहिल्यांदाच खरं लिहितोय.

शौनक: हळू बोला.

मधुकर: हळूच बोलतोय. शनिवारचं काय करशील?

शौनक: हे उठले की शोधायला बसेन. नाही सापडली तर सांगेन त्यांना, गहू आहे, असंच घ्या.

मधुकर: घेतील?

शौनक: नाही.

मधुकर: हं. तुझ्या आईला सांग, मधुकरकाकांनी ॲम्प्लिफायर जप्त केला, पण चांगल्या घरी दिला. आणि तो कागद घे. माझं अक्षर मलाच लागत नाही, मी सांगतो, तू लिही. नीट अक्षर काढ, सरकारी कार्यालयात जायचंय.

शौनक: कोणाला?

मधुकर: वीजपुरवठा कार्यालयाला. लिही. 'मा. उपअभियंता यांस, स.न.वि.वि. आमच्या इमारतीत दर शुक्रवारी दुपारी वीजपुरवठा बंद असतो. त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही.'

शौनक: नाही?

मधुकर: तक्रार म्हटलं की ते फाईल उघडतात. फाईल उघडली की काम बंद होतं. पुढे लिही. 'तथापि, सदर बंदमुळे आमचे सभासद श्री. हौसेराव यांच्या खाटेखालील जप्त उपकरण घूं करेनासे होते, व त्यांस झोप लागत नाही. ते रात्री भाजीबाजारात माल उतरवतात. तो माल आपल्याही घरी येत असावा.'

शौनक: हे चांगलं आहे.

मधुकर: मधे बोलू नकोस, ते कुशीवर वळताहेत. लिही. 'सबब, शुक्रवारी वीज बंद ठेवणे अपरिहार्य असल्यास, त्या वेळेत आपल्या कार्यालयातील एका भारदस्त आवाजाच्या कर्मचाऱ्यास आमच्याकडे पाठवावे, व त्याने खाटेजवळ बसून, सभासदास झोप लागेपर्यंत, गव्हाच्या दळणाइतपत जाड आवाजात, न थांबता घूं करावे, ही नम्र विनंती. कर्मचाऱ्याच्या चहाची व्यवस्था सोसायटी करील.'